चौथा इलेक्ट्रॉन

— नाही हो ताई, सही करायला माझा काही हात दुखत नाही. पण पीएचडीच्या थिसिसवर गाइडची सही मागायला मुलीची आई येते, हे मी सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच बघतोय. तिनं नाही पाठवलं? आपणहून आलात? मग तर कौतुकच. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे — या इकडे. तुमच्या मुलीबद्दल माझी तक्रार काहीच नाही. हुशार आहे. हीच तक्रार म्हणा हवं तर.

आता बघा, तुम्ही कपडे शिवता, मी कोरोल करतो. कोरोल म्हणजे — जाऊ द्या, एक कडं समजा, डोळ्यांना न दिसणारं, मधोमध लोखंडाचा एकच अणू बसेल एवढं. आधी कडं तयार करायचं, मग लोखंडाच्या क्षारासोबत उकळायचं, मग आम्लानं धुवायचं, की तपकिरी स्फटिक हातात येतात. सोपं वाटतं ना? तिलाही वाटलं. भांडण एवढंच, की त्या लोखंडानं आपले इलेक्ट्रॉन किती दिले. मी सांगितलं, चार. आज नाही सांगितलं, तुमची मुलगी दप्तर घेऊन शाळेत जात होती तेव्हा सांगितलं, छापून आलं, मोठमोठ्या लोकांनी माना डोलावल्या, दारावरची ही पाटी त्याच्यावरच लागली. आणि तुमची कन्या म्हणते — फार आदबीनं म्हणते, तो आणखी वेगळा ताप — की सर, लोखंडानं तीनच दिलेत, चौथा कड्यानं दिलाय. घ्या. म्हणजे इतकी वर्षं लोखंडाला उगाचच दानशूर ठरवलं आम्ही.

कशावरून म्हणते विचारा ना. आमच्याकडे एनएमआर नावाचं यंत्र आहे, त्यात नमुना ठेवला की कागदावर रेषा उमटतात, कुठली रेषा कितीच्या आकड्यावर आली त्यावरून आतलं कळतं. पट्टी लावायची शून्यापासून दहा-बारापर्यंत — सगळे तेवढीच लावतात, मीही तेवढीच लावली, सगळा संसार तेवढ्यात मावतो. हिनं काय करावं? पट्टी दोन्हीकडून ताणली. तर एक रेषा विसाच्याही पुढे, तिच्या शेजारची शून्याच्या खाली. आत लोखंड असलं की रेषा लांब फेकल्या जातात, हे आहेच — पण अशा आलटूनपालटून, एक वर एक खाली गेल्या, की चौथा इलेक्ट्रॉन कड्यातून गेला असं समजायचं. थोडक्यात काय, सरांनी फीत कमरेपर्यंतच धरली आणि माणसाची उंची सांगून मोकळे झाले. असं ती म्हणाली नाही हं. थिसिसमध्ये लिहिलंय, ‘पूर्वीच्या मोजणीला पूरक’. पूरक म्हणे. माझ्या अंगावर पांघरूण घालते, कालची पोर.

मी म्हटलं, तुझं धुणं कच्चं राहिलंय. आम्ल कमी पडलं की दोन रेणू मध्ये ऑक्सिजन धरून जोडीनं बसतात, मग रेषा भलतीकडेच जाणार. पुन्हा कर. केलं. म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा केलं — रेषा तिथल्या तिथेच. भांडली असती तर बरं झालं असतं, मला चिडता तरी आलं असतं. — घरी धड जेवत नाही म्हणता? आता ते मला कसं कळणार, मी काय तिच्या ताटाशी बसतो? — तिच्या नोकरीचं ना, माहितेय मला. महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल. माहीत नसायला काय झालं, शिफारस मीच केली होती.

अहो, मी मागतोय काय, तर थोडा धीर. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, समारंभ आहे, बाहेरगावची माणसं येणार, त्या चारच्या आकड्यावर भाषणं होणार, शाल पडणार खांद्यावर — तेवढं उरकू द्या, मग खुशाल तीन म्हण, अडीच म्हण. — नाही, हे तिला नाही बोललो. तिला धुण्याचंच सांगितलं. हे तुम्हाला सांगतोय. का सांगतोय कोण जाणे, तुम्ही ऐकून घेता म्हणून असेल.

आणि धुणं कच्चं नव्हतं हो. ते मला ठाऊक आहे, कारण परवा सुट्टी होती, इथे चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मीच केलं सगळं — कडं तयार होतं, उकळलं, गाळलं. निम्मं तर टेबलावरच सांडलं. पण धुतलं असं की कुणाची नावं ठेवायची टाप नाही. मग यंत्रावर बसलो. पट्टी ना — हो, रुंदच लावली. सहज. बघू तर खरं म्हणून. बघितलं, यंत्र बंद केलं, घरी गेलो. बायको म्हणाली, चेहरा असा का, ताप आहे का? म्हटलं, वयोमान.

काय म्हणालात? मी केलं त्याचं काय आलं?

हे बघा ताई, ते इतकं सरळ नसतं. यंत्र जुनं, हात म्हातारा, त्यात एका नमुन्यावरून शास्त्रात कुणी — असं बघू नका हो माझ्याकडे. पोरगीही अशीच बघते, कळलं कुठून घेतलंय ते.

तीन. माझ्या हातूनही तीनच आलं. झालं समाधान? पेन राहू द्या, माझ्या खिशात आहे. ते सहीचं पान तिथे टेबलावर ठेवा, आणि निघा तुम्ही.