गोलंदाजीचे बूट

देशासाठी खेळलेली अष्टपैलू खेळाडू गेल्याची बातमी सकाळीच छापून आली. तिचे दुरुस्तीला टाकलेले बूट आता तसेच परत न्यावेत, म्हणून तिचा नवरा दुकानात आला. बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“बाई गेल्या गं!”

“तू ओळखायचीस?”

“माझी लेक शून्यावर बाद होऊन रडत बसलेली. बाईंनी तिच्या हातात चेंडू दिला.”

“आणि?”

“म्हणाल्या, ‘बॅट रुसली ना? रुसू दे. चेंडू आहे की अजून! माझी अख्खी कारकीर्द अशीच निभावली.’”

“आता खेळते?”

“घरात पाय ठरेल तर शपथ! हे बघ, बुटांची चाळण झालीय. बाईंचे उपकार गं.”

“काका, तुमचे तसेच देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“नको. नवे तळवे बसव.”

तो वळला तेव्हा बाक रिकामा होता. मुलीच्या पायाचं माप विचारायचं राहूनच गेलं.