भिंगरीचं पिणं तोडलं, त्याची वही

...आणि वर मलाच विचारतात, गुणाजी, घोडी तिकडे रोह्याला खुशीत, शिंगरी इकडे खुशीत, मग तुझंच तोंड का असं उतरलेलं? आता काय सांगायचं या लोकांना? तुम्ही बसा जरा. तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो, कारण हे मधूनच ऐकलं की माणसाला वाटतं, एवढंसं शिंगरू आईचं दूध प्यायचं थांबलं, त्यात कसला आलाय पराक्रम. नाहीच आहे पराक्रम. बारा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेवढंच. तारीखवार लिहिलंय. खोटं वाटत असेल तर वही दाखवतो.

वही म्हणजे, मला रोज लिहायची सवय आहे. शाळा सातवीपर्यंत, पण गडबमध्ये पाऊस कुठल्या तारखेला उघडला, वाल कधी पेरले, कोणाची म्हैस कधी व्याली, हे अर्ध्या गावाला मलाच विचारावं लागतं. आणि घोडीची वही वेगळी, जाड पुठ्ठ्याची. कारण कस्तुरी काही साधी घोडी नाही, लग्नाची घोडी. पेणपासून खांबपर्यंत किती नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेले, आणि एकालाही तिने पाडलं नाही, स्वतःच्या घाबरण्याने पडले असतील ते सोडा. तुळशीचं लग्न झालं की रोह्याचा मन्सूरचाचा येतो, टांगेवाला, साठी उलटलेला माणूस, आणि लग्नसराईपुरती तिला घेऊन जातो. आता घोडी लग्नाला जाणार म्हणजे शिंगराला मागे राहावं लागणार. नाहीतर कल्पना करा, पुढे बँड वाजतोय, वर मुंडावळ्या बांधून नवरदेव, आणि पोटाखाली शिंगरू घुसून दूध पितंय... वरात पुढे सरकणार कशी?

म्हणून पिणं आधी तोडायचं. सात महिन्यांचं झालं, चारा खायला लागलं, की तोडायचं. बोलायला सोपं आहे.

कारण तीन वर्षांपूर्वी मी एकदा तोडलं होतं. कस्तुरीचंच पहिलं शिंगरू, नर, कपाळावर तांदळाएवढा ठिपका. तेव्हा आमच्या हिचे मामा, हैबतमामा, खाटेवर बसून म्हणाले, अरे त्यात बघायचं काय, मी आयुष्यभर वासरं तोडली, सकाळी उचलायचं, शेजारच्या वाड्यात बांधायचं, दोन दिवस बोंबलेल, तिसऱ्या दिवशी गप. मी मोठ्या माणसाचं ऐकलं. सकाळी दहाला नेलं. इकडे कस्तुरी खिंकाळली, तिकडून ते खिंकाळलं, आणि दावं तोडून जे सुटलं ते आईच्या आवाजावर सरळ, मधे फाटक आहे हे त्याने बघितलंच नाही. पुढचा पाय मोडला. तिसऱ्या दिवशी खरंच गप झालं, मामा म्हणाले तसं. त्या तीन दिवसांची पानं कोरी आहेत. नुसत्या तारखा. वही दाखवतो.

तर या वेळी भिंगरी. नाव हिने ठेवलं, बायजाने, कारण जन्मल्यापासून नुसती गोल गोल फिरायची. आणि मी ठरवलं, या वेळी मामांचं ऐकायचं नाही. दिवाळीनंतर एसटी पकडून रोह्याला गेलो, मन्सूरचाचाला गाठलं. तो टांग्याच्या दांडीवर बसून चहा पीत होता. मी म्हटलं, चाचा, या वेळी चुकलो तर मी घोडीच ठेवणार नाही. त्याने कप दांडीवर ठेवला. मग म्हणाला, "गुणाजी, तुटायचं दुधापासून हाय, आईपासून नाय. आई दिसली पायजे, वास आला पायजे, नाकाला नाक लागलं पायजे. फक्त कासेला तोंड लागता नये. मधी कुंपण घाल, आणि घाई करू नको."

आणखी बरंच सांगितलं, मी तिथेच तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. घोडीचा खुराक बंद करायचा, नुसता पेंढा, म्हणजे दूध आपोआप आटतं. कास ताठली, घोडी कळवळली, तरी हाताने दूध काढायचं नाही, काढलं की परत भरतं. शिंगराची जागा बदलायची नाही. त्याला एकटं ठेवायचं नाही, सोबत द्यायची, म्हातारा घोडा असला तर उत्तम. आणि बारा दिवसांनी मी येतो, घोडी नेतो.

आता गडबला म्हातारा घोडा कुठून आणू? म्हातारे आहेत, हैबतमामा आहेत, पण त्यांना शिंगरीबरोबर कसं बांधणार? मग मीच डोकं चालवलं. आमची शेळी, ढवळी. शांत, समजूतदार. तिची दोन्ही करडं चारच दिवसांपूर्वी हिने आपल्या बहिणीला दिली होती, खांबला, आणि ढवळी दिवसभर त्यांच्या नावाने ओरडत होती. म्हटलं, तिलाही सोबत, हिलाही सोबत. किती हुशार असतो ना माणूस!

दिवस पहिला. गोठ्यापुढे बांबूचं कुंपण, छातीएवढं, माझ्या हाताने बांधलेलं. आत गोठ्यात भिंगरी आणि ढवळी, बाहेर अंगणात कस्तुरी. मी पायरीवर वही घेऊन बसलो. भिंगरी कुंपणापाशी आली, फटीतून नाक घातलं, आईनेही घातलं, मग तिने मान खाली घालून कास शोधली, बांबू लागला. परत शोधली, परत बांबू. मग पहिल्यांदा ओरडली. तुम्हाला सांगतो, मी त्या फाटकाकडे बघितलं, तेच ते फाटक, आणि माझ्या हातातली पेन्सिल मोडली. दिवसभर ती कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारत होती, आणि तिने मान उंच केली की मी पायरीवरून उठायचो, आता उडी घेते की काय. हैबतमामा येऊन बघून गेले. म्हणाले, हे काय, तुरुंगातली भेट चाललीय व्हय?

दिवस दुसरा, ओरड कमी. दिवस तिसरा, कस्तुरीची कास दगडासारखी, बायजाच्या डोळ्यांत पाणी, म्हणाली, अवो, जरासं काढते, कुणाला कळतंय? मी म्हटलं, कासेला कळतं. त्यावर ती जे बोलली ते वहीत नाही. पण दिवस चौथा... भिंगरी शांत. एकदम शांत! पेंढा खातेय, भिजवलेले हरभरे खातेय, आईशी नाकाला नाक लावून येते आणि परत जाऊन ढवळीशेजारी उभी राहते. डोळे मिटून. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, शिंगरी शांत, कारण पद्धत, आणि खाली दोन रेघा मारल्या. खोटं वाटत असेल तर...

आणि त्याच दिवशी चहाला दूध कमी.

म्हणजे ढवळी रोज तीन पेले द्यायची, ती दीडवर आली. पाचव्या दिवशी अर्धा. सहाव्या दिवशी बायजा रिकामं भांडं घेऊन माझ्यासमोर उभी. मी म्हटलं, करडांच्या दुःखाने आटली असेल. ती म्हणाली, आटलेली कास अशी ओली असते व्हय? आणि मग हैबतमामांनी खाटेवरून निकाल दिला, "धामण. गोठ्यात धामण हाय. मागच्या पायांना विळखा घालते आणि दूध पिते. माझ्या आजीनं डोळ्यांनी बघितलेली."

झालं! आता माझी अवस्था बघा. धामण दूध पिते का नाही, मला ठाऊक नाही. पण गोठ्यात साप असला, आणि भिंगरी त्याला बिचकली, तर ती कुठे पळणार? कुंपणावर. भिंगरीला हलवावं, तर चाचाने सांगितलेलं, जागा बदलायची नाही. मग मी आणि बायजा, दोघांनी पेंढ्याची अख्खी उडवी उपसली, शेणाची जागा खणली, एकेक बीळ बुजवलं. सापडलं काय? हरवलेला विळा. मामा म्हणाले, धामण लाजरी असते. दहाव्या दिवसापर्यंत माझं वजन उतरलं, चहा काळा, आणि मी काठी घेऊन पायरीवर. आणि इकडे भिंगरीला बघावं तर अंगावर तकाकी! पहिल्या शिंगराच्या वेळी याच दिवसात बरगड्या मोजता येत होत्या... म्हणजे मोजायला वेळच मिळाला नाही म्हणा.

अकराव्या दिवशी दुपारी मी माळ्यावर चढलो. गोठ्यावरचा माळा, फळ्यांच्या फटीतून खालचं सगळं दिसतं. काठी उजवीकडे, वही डावीकडे. श्वास रोखून पडलो. अर्धा तास काही नाही. मग ढवळी उठली. आळस दिला. कोपऱ्यात गुरांना पाणी पाजायची जुनी लाकडी डोण पालथी पडलेली, तिच्यावर टुणकन चढली आणि आडवी उभी राहिली, एसटीची वाट बघावी तशी. आणि भिंगरी, माझी पद्धतीने शांत झालेली भिंगरी, सावकाश आली, मान खाली घातली... आणि पुढे काय सांगू? शेपूट हलत होती. ढवळी रवंथ करत होती. ती धामण चार पायांची होती हो, आणि तिला मीच आत बांधली होती!

तुम्हाला सांगतो, हसू यायला पाहिजे होतं, पण मला राग आला. शेळीचा नाही, वहीचा. दोन रेघा मारून लिहिलं होतं ना, कारण पद्धत? मग ते खरं करायला नको? बायजा म्हणाली, पिते तर पिऊ दे, बिचारीची करडं गेलीत. मी म्हटलं, छे, तोडलं म्हणजे तोडलं. बाराव्या दिवशी सकाळी, मन्सूरचाचा यायच्या आधी, मी ढवळीला काढली आणि लांब, वालाच्या शेताच्या कडेला, आंब्याला बांधली. स्वतःच्या हाताने. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की मी काय करतोय!

चाचा आला. भिंगरीला हात लावून बघितला, कस्तुरीची कास बघितली, आटलेली, मऊ. माझ्या खांद्यावर थाप मारली. मामासुद्धा उठून आले, मामा! चाचाने कस्तुरीच्या तोंडाला मोरखी घातली, फाटकातून बाहेर काढली, नागोठण्याच्या दिशेने वळवली. भिंगरीने बघितलं. एकदा ओरडली. मग मागे वळली, डोणीकडे. डोण रिकामी.

आणि तिने मान उंच केली.

गोठ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, आणि तिथून सुटली. मी ती धाव ओळखतो. मी तीन वर्षं ती धाव विसरायला बघतोय. कुंपणाला छाती घासून थांबली, बांबू वाकला, परत मागे गेली, आणखी मागे, आता उडी घेणार हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला हेही दिसलं, अगदी छापल्यासारखं, की आई आणि सोबत, दोन्ही एका सकाळी उचलून नेणारा हैबतमामा या वेळी मीच आहे.

"बायजा, शेळी सोड!"

बायजा धावली. दावं सोडलं. आणि ढवळी आली का धावत? आली, पण कशी आली? वालाच्या वेलापाशी थांबली. एक पान खाल्लं. आवडलं म्हणून दुसरं खाल्लं. मी इकडे कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा, पलीकडून भिंगरीच्या टापा, रस्त्यावर कस्तुरी थबकलेली, चाचा तिच्या कानात काहीतरी बोलतोय, मामा चक्क देवाचं नाव घेतायत, आणि ही पानं निवडतेय! मग कुठे तिला आठवलं. बें केलं. एकच. भिंगरी जागच्या जागी थांबली. ढवळी खालच्या फटीतून आत शिरली, डोणीवर चढली, आडवी उभी राहिली.

भिंगरी थरथरत होती. पण गेली तिच्याकडे. नुसतं नाक लावून उभी राहिली आधी, मग प्यायली. तेव्हा कुठे मी कुंपणावरचे हात सोडले. रस्त्यावर कस्तुरीच्या टापा लांब लांब गेल्या, आणि भिंगरीने कान फिरवले, पण मान नाही फिरवली.

चाचाला निरोप पाठवून सगळं खरं सांगितलं. त्याचा उलटा निरोप आला, घोडी मजेत हाय, कालच एका नवऱ्याला मांडवात पोचवला, आणि शेळीची घाई करू नको, तुटायचं दुधापासून हाय, शेळीपासून नाय, तीच पद्धत, मधी कुंपण. हो का? कुंपण? अहो, घोडीला कुंपण दिसलं की घोडी थांबते. शेळी वरून जाते, खालून जाते, आणि दोन्ही जमलं नाही तर कुंपण खाते. तीन आठवडे झाले. कुंपणाचा तिसरा भाग पोटात, भिंगरीची उंची दोन बोटं वाढलीय, चहा काळा तो काळाच, आणि मामा सगळ्या गावाला सांगत सुटलेत की शेळीची युक्ती मूळ त्यांची.

हसताय? बरोबर आहे. खोटं वाटत असेल तर वही दाखवतो म्हणालो खरा, पण बाराव्या दिवशी सकाळी लिहून झाल्यावर ती पायरीवर ठेवली आणि नंतरच्या गडबडीत तिथेच राहिली. शिंगरी शांत, कारण पद्धत, खाली दोन रेघा, ते बाराच्या बारा दिवस ढवळीने खाल्ले. मागच्या वेळची ती तीन कोरी पानं तेवढी शिल्लक ठेवली. मग परवा बसलो, पेन्सिलीला टोक केलं, आणि त्यातल्याच पहिल्या पानावर सुरुवात केली. दिवस पहिला. शेळी तोडणे.

काल परत दिवस पहिलाच लिहिलाय. आजचाही तोच दिसतोय.