खाटेवरची पहिली झोप

गजर झाला, टाळ खाली ठेवा मंडळी, आणि आता कान वर करा!

आजचा प्रश्न लहान आहे, सोपा नाही. देणं पूर्ण कधी होतं? वस्तू आपल्या हातातून सुटली, की झालं? की घेणाऱ्याला ती सोसेल, हे देणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगावर पाहिलं, म्हणजे झालं? या प्रश्नावर पोथ्यांमधून बरीच वर्षं हिंडलो. दान कोणाला द्यावं, केव्हा द्यावं, याची चर्चा भरपूर सापडली. देणाऱ्याने काय सोसावं? तिथे बहुधा मौन! उत्तर शेवटी मिळालं ते बार्शीतल्या एका लोहाराच्या दुकानात.

ऐका तर! त्या दुकानात लोखंडी खाटा होत. पट्टीची चौकट, तिच्यावर ताणून विणलेली नवार. दुकान तात्या पांचाळांचं. हाताखाली मुलगा त्रिंबक. पुऱ्या गल्लीला तांबड्या रंगाचा वास, दुपारभर घणाचा ठेका. (तबलजी, तसा ठेका तुम्हालाही जमणार नाही, रागावू नका!) आणि त्या दुकानाचा एक नेम होता. खाट झाली, रंग वाळला, की ती लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करायची नाही! जेवण उरकायचं, आणि तात्या तिच्यावर आडवे! दुपारची एक पुरी झोप. कुशी बदलायच्या, टाचा घासायच्या. आणि खाट लहान मुलाची असली तर — हे नीट ऐका — तात्या दचकून उठायचे.

"मोठं माणूस उठतंय इचार करून," ते म्हणत. "पोर उठतंय दचकून. पोराच्या खाटेची परीक्षा उठतानाची."

एकदा एका वधूमाईने नाक मुरडलं, "अहो, नवी कोरी वस्तू उष्टी करून देता?"

तात्या म्हणाले, "बाई, अन्न उष्टं होतंय. खाट निर्धास्त होतीय."

एका लग्नसराईत मात्र नेम मोडला. तात्या परगावी, त्रिंबक अठरा वर्षांचा, घाईत. वैरागच्या एका घरची लहान खाट त्याने तशीच गाडीत चढवली. संध्याकाळी परतल्यावर तात्यांनी एवढंच विचारलं, "तिच्यावर झोपलं कोण?" दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्यांनी सायकल काढली, पोराला मागे बसवलं, आणि बाप-लेक पाच-सहा कोस तुडवत वैरागला, परक्याच्या दारात!

"वैनी, तुमच्या खाटेवर दहा मिनटं झोपू का?"

हसताय? त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला हाक मारली! पण तात्या झोपले. डोळे मिटले. मग दचकून उठले, काठाला हात टेकला, आणि बोटातून रक्त आलं. पट्टीच्या कडेला कानस मारायची राहिली होती. तात्यांनी पिशवीतून कानस काढली, कड गुळगुळीत केली, त्या घरच्या पोराला उचलून खाटेवर ठेवलं. परतताना फक्त कानस त्रिंबकच्या हातात दिली. ती वाटभर त्याने धरून ठेवली. खरं तर आजही धरून आहे.

आता छप्पन्न वर्षं ओलांडा. दुकान मिटलं, तात्या गेले, त्रिंबकची बायकोही गेली. त्रिंबकराव पुण्याला मुलाकडे, नवव्या मजल्यावर. मुलगा भगवंत, सून पल्लवी, आणि सात वर्षांची नात गार्गी. आजोबा आणि नात एकाच खोलीत. गार्गी बार्शीहून आलेल्या नवारीच्या खाटेवर, म्हणजे तिचा बाप ज्या खाटेवर वाढला तिच्यावर. आणि आजोबा शेजारी खाली गादीवर. ती कूस बदलायची, नवार कुरकुरायची, आणि त्या आवाजासरशी म्हाताऱ्याला सारं दुकान परत मिळायचं — ऐरण, भाता, तांब्याभर पाणी, आणि तोंडावर पंचा टाकून निजलेले तात्या.

गार्गीच्या वाढदिवसाला भगवंतने लॉफ्ट बेड मागवला. म्हणजे काय? पुरुषभर उंचीवर लोखंडी पलंग, चढायला शिडी, खाली अभ्यासाचं टेबल. आधुनिक माळा! फरक इतकाच, की माळ्यावर आपण नको असलेलं सामान ठेवत होतो. इथे लाडकं मूल ठेवायचं. आजोबांची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर, आणि जुनी खाट गॅलरीत, भंगारवाल्याची वाट पाहत. भगवंतला दोष देऊ नका. पोरीला आपली स्वतंत्र खोली मिळावी, ही त्याची माया खरी होती. पण पलंग पारखला कसा? दोन हजार अनोळखी लोकांनी दिलेले तारे मोजून! अहो, लग्न जुळवायला आपले लोक निदान छत्तीस गुण तरी मागतात. इथे पाचांतले साडेचार, की पोर वर चढवायला मोकळे!

तीन खोकी आली, दोन फिटर आले, चाळीस मिनिटांत पलंग उभा. काम चालू असताना छताचा पंखा बंद ठेवला होता. थोरला फिटर वर पाहून पुटपुटला, "पंखा जवळ येतोय काय?"

धाकटा म्हणाला, "ते आपल्यात येत नाही. आपलं फक्त फिटिंग."

मंडळी, या युगाचा मंत्र कोणता, असं उद्या कोणी विचारलं तर माळ ओढत बसू नका. सरळ सांगा — 'ते आपल्यात येत नाही.' फिटरच्यात येत नाही, विकणाऱ्याच्यात येत नाही, घर बांधणाऱ्याच्यात येत नाही. मग पोर येतं कोणाच्यात?

त्रिंबकरावांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते दारात उभे होते, हात शिवशिवत होते. फिटर गेले तसे ते हळूच म्हणाले, "भगवंता, मी जरा आडवा होऊन बघू का त्याच्यावर?"

"आबा, हे दुकान नाही. कारखान्यात सगळं तपासलेलं असतं. दीडशे किलो झेपतं त्याला."

"किलो झोपत्यात का रं?"

"आणि तुम्ही शिडीवरून पडलात म्हणजे? चौऱ्याहत्तर वर्षांचे आहात!"

पल्लवी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा, आज तिचा वाढदिवस. पहिल्यांदा तिलाच झोपू दे ना. पाच वाजता पोरं येतील, किती मिरवायचंय तिला!"

लेकाच्या घरात म्हाताऱ्याचं शास्त्र चालत नव्हतं. पण वैरागची वाट संपत नव्हती. 'तिच्यावर झोपलं कोण?' तात्या विचारत होते.

मुलगा-सून हॉलमध्ये फुगे फुगवायला बसले. आणि त्रिंबकरावांनी चपला काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा. शिडीला हात लावला, आणि चढले. एक पायरी, श्वास. दुसरी पायरी, श्वास. वर जाऊन आडवे झाले. डोळे मिटले.

गार्गी आली, डोक्यावर वाढदिवसाची कागदी टोपी! "आबा! ते माझं आहे!"

"तुझंच हाय. मी फक्त निर्धास्त करतोय. गार्गे, पंखा लाव बरं."

पंखा खोलीच्या मध्यावर, पलंग भिंतीला. खालून पाहणाऱ्याला दोघांचा काही संबंध दिसत नव्हता. आता पाती फिरू लागली, आणि आडव्या माणसाने पाहिलं — शिडीकडच्या काठावरून वारा नाही, पातं जात होतं.

"तू सकाळी उठतीस कशी? दाखव खाली."

ती फरशीवर निजली, आणि टुणकन उठून बसली! त्रिंबकरावांनी वितीने मापलं नाही. रोज तिची वेणी घालणाऱ्या हाताला तिची उंची पाठ होती. "टोपी दे तुझी. आणि दारापाशी जाऊन हुबी राहा." ते कुशीवर वळले, अंग भिंतीला चिकटवलं, आणि लांब हाताने, टोपीचं टोक चिमटीत धरून, काठाच्या वर ती बरोबर तिथे नेली, जिथे उद्या सकाळी नातीचं डोकं असणार होतं.

खट्ट!

टोपी गेली! दारावर आपटली, आणि फाटून पडली ती भगवंतच्या पायाशी. आवाज ऐकून तो धावत आला होता. हातात अर्धवट फुगवलेला फुगा. तो फुगा आपोआप रिकामा होत गेला.

"बटण बंद कर," वरून आवाज आला. बस्. 'मी म्हटलं नव्हतं का' असं एक अक्षर नाही!

भगवंतने बापाला हात धरून खाली घेतलं. मग तो स्वतः वर चढला, आडवा झाला. थांबलेल्या पात्याला त्याने बोटाने स्पर्श केला. किती जवळ! मग तोंड भिंतीकडे ठेवूनच त्याने विचारलं, "आबा, माझ्या खाटेवर झोपला होतात तुम्ही?"

"तीन दुपारी," त्रिंबकराव म्हणाले. "एकच दुपार असती. पण तू पयला व्हतास ना."

पाच वाजता पोरं आली, केक कापला गेला, आणि मिरवायचा पलंग चादर टाकून बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी भगवंतने करवत आणली. पलंगाचे पाय दीड हात कापले. कंपनीची हमी गेली, बापाची आली. कापलेल्या कडांवर कानस मारली ती त्रिंबकरावांनीच, तीच कानस! खाली आता टेबल मावेना, नवारीची खाट मात्र बरोबर मावली. भंगारवाला हात हलवत परत गेला. आणि त्या दुपारी, पोरीला वर जाऊ देण्याआधी, पलंगावर पहिली झोप घेतली भगवंतने. दचकून उठला तो! पाहत होते त्रिंबकराव. कोणाला दिसलं नाही, पण त्यांनी क्षणभर डोळे मिटले. बार्शीची दुपार झाली होती.

टाळ्या नकोत. अजून तुमची पाळी यायची आहे.

तुम्ही मुलांना काय काय दिलंत? शाळा दिलीत, दोन-दोन शिकवण्या दिल्यात, हातात मोबाईल दिलात, स्वतः न पाळलेले नेम दिलेत, स्वतः न जमलेली स्वप्नं दिलीत. त्यांतल्या एका गोष्टीवर तरी आधी तुम्ही एक दुपार आडवे झाला होतात? की तारे मोजलेत? मूल दचकून उठतं, तेव्हा त्याच्या डोक्याशी काय फिरत असतं, ते खाली उभं राहून दिसत नाही हो. दिसत नाही!

चला, निरांजन लागलं आहे. आरतीला उठा. आणि मुलाला कडेवर उचलण्याआधी, तेवढं एकदा वर बघा.