हाळीच्या कड्यावरची हाक

बसा खाली. कोण म्हणालं, चांदण्यात हाळीचा कडा बघून येऊ म्हणून? तुम्हीच ना, ओ चष्मेवाले? कोजागिरीला आमच्या डोंगरावर आलात, बरं केलंत. पाऊस सरलाय, सोनकी फुललीय, हवा कशी धुतल्यासारखी झालीय. दिवसा सगळे पॉइंट हिंडा, घोड्यावर बसा, मजा करा. पण रात्री त्या कड्याला जायचं नाही. दूध आटेपर्यंत ऐका. ऐकून झाल्यावरही जावंसं वाटलं तर खुशाल जा, मी काही पाय धरायची नाही.

गेनू म्हणून एक वाटाड्या होता. माझाच बाप तो, पण गोष्टीत त्याला गेनूच म्हणते. पाहुण्यांना कड्यावर न्यायचं आणि हाळी घालायला लावायची, हा त्याचा धंदा. पाहुणे आपलं नाव ओरडायचे, दरी तेच नाव परत द्यायची. लोक खूश. पण एका पावसात समोरची दरड ढासळली आणि हाळी मुकी झाली. ओरडा किती ओरडायचं ते, काही म्हणजे काही नाही. आता पोट कसं भरायचं?

तेव्हा गेनूची बायको हौसा काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "दरी बोलत नाही तर मी बोलते." कड्याखाली दोन पुरुष खोल एक कपार आहे, कारवीच्या झुडपांत लपलेली. बाजूच्या पायवाटेनं ती तिथं उतरायची, पदर खोचून बसायची, आणि वरून नाव आलं की तेच नाव लांबवून परत द्यायची. साहेबाचं नाव जाड गळ्यानं, मडमेचं नाजूक. हसताय काय? सहा हंगाम चाललं हे, कुणाला पत्ता लागला नाही.

एकच खोट होती. कुणी म्हणायचं, "गेनू, आता तुझं नाव ओरड." तो ओरडायचा, आणि दरी गप्प. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्यात मानायचे. हौसानं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पाहुणे म्हणायचे, "दरीचं तुझ्याशी भांडण आहे वाटतं." गेनू घरी येऊन तिला चिडवायचा, "अगं, धंद्यापुरतं तरी घे की." ती म्हणायची, "अहो, धंदा गेला खड्ड्यात. तुम्ही हवे आहात मला."

मग तो भादवा आला. गेनू मीठमिरची आणायला खाली गेला होता. मागं हौसाला ताप भरला. घाट खचला, वाट बंद. तिसऱ्या दिवशी तो चिखलातून वर पोचला, तोवर लोकांनी सगळं उरकलं होतं. शेवटचा एक शब्द नाही की तोंड बघणं नाही. माणूस आतून पोखरला हो. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, उशीर झाला म्हणून ती रागावून तर गेली नाही ना?

दसरा झाला, पाहुणे आले. कोजागिरीच्या दुपारी एका कुटुंबानं हट्टच धरला, कड्यावर चल. गेनू मेल्या पायांनी गेला. आता काय हाळी येणार? त्यांच्या पोरीनं आपलं नाव ओरडलं. आणि खालून नाव परत आलं. स्वच्छ. कपारीतूनच.

त्यानं पाहुण्यांना कसंबसं परत आणून सोडलं. रात्री सात वर्षांच्या लेकीला भाकरी चारली, निजवली. कंदील घेतला आणि एकटा निघाला.

कड्यावर उभा राहून म्हणाला, "हौसाऽ." खालून आलं, "हौसाऽ." म्हणाला, "बरी आहेस का गं?" खालून आलं, "बरी आहे." आता सांगा, हाळी कधी उत्तर देते का? पण त्याला कुठली शुद्ध. रडत म्हणाला, "मला उशीर झाला, रागावलीस का?" तर खालून बांगड्या वाजल्या. "खाली ये, मग सांगते."

कंदील विझला. चांदणं मात्र पिठासारखं पडलेलं. बघतो तर पायाशी रुंद, सपाट वाट, थेट कपारीपर्यंत. तशी वाट तिथं कधीच नव्हती, बरं का. त्यानं एक पाय उचलला. तेवढ्यात खालून लाडानं हाक आली, "गेनूऽ, ये ना."

पाय तिथंच थांबला. ही हौसा नव्हे. हौसा नाव घ्यायची नाही. मेली तरी घ्यायची नाही.

त्यानं कारवीची फांदी घट्ट धरली. वाट नाहीशी झाली, पायाखाली नुसती दरी. आणि मग सगळीकडून सुरू झालं, गेनू, गेनू, गेनू. आजवर जितके पाहुणे तिथं ओरडले असतील तितक्यांच्या आवाजात. चकवाच तो. घर कुठल्या बाजूला आणि कडा कुठल्या, काही कळेना. हलावं तर मरण.

तेव्हा मागून, अगदी कानाजवळून, हळू आवाज आला. "अहो. पोर जागी आहे."

त्या आवाजाकडे तोंड करून तो गुडघ्यांवर रांगत सुटला. पायवाट लागली तसा पळाला. घरी आला तर लेक उंबऱ्यात बसलेली, डोळे टक्क उघडे.

ती लेक म्हणजे मी. बापानं मला उचलून छातीशी धरलं आणि सकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढं तो त्या कड्याला गेला नाही, शेंगा भाजून विकल्या. म्हातारपणी मी एकदा विचारलं, "आई रागावली होती का, ते कळलं का हो शेवटी?" म्हणाला, "अहो म्हणाली ना. रागावली की ती अहो म्हणायची नाही, नुसती भांडी आपटायची."

तर रात्री त्या वाटेला जायचं नाही. दरीतून नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही, मग आवाज कितीही आपल्या माणसाचा असो.

घ्या, दूध आटलं. एक पेला तिथं दगडावर ठेवा, कड्याकडे नाही, घराकडे तोंड करून. दरसाल ठेवते मी. मला त्या रात्री कुणी जागं केलं, ते मला ठाऊक आहे.