कुणी पाडू नये

— आणि काकू म्हणू नका मला. व्हिडिओत म्हणालात का, की चौथ्या नंबरावर आमच्या काकूंचा मुलगा आहे? नाही ना? तिथे म्हणालात, 'कॉलेजकडे यंदा रनिंग बॅक चौघं, आणि चौथा निहार — गुणी पोरगा, पण पहिल्या धक्क्यालाच बसतो.' मग आता मीही तुमची काकू नाही, निहारची आई. बूट बाहेर काढलेत? बसा. त्या खुर्चीवर नको, तिथे बेल ठेवलाय. हे घ्या पोहे. कांदा नाहीये, श्रावण आहे. सोमवारी दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही म्हणून देते आहे, नाहीतर यतीन, तुम्हाला मी पाणीसुद्धा विचारलं नसतं. नाही, मला उपास आहे. आणि तो कॅमेरा खाली ठेवा आधी. रनिंग बॅकच्या आईची मुलाखत म्हणे! मुलाला सगळ्या फ्रिस्को गावासमोर खाली बसवायचं आणि मग आईला विचारायचं, कसं वाटतंय? छान वाटतंय. लिंबू पिळू का अजून?

मागच्या मंगळवारी मंगळागौरीला गेले होते, तर सुमित्राताई फुगडी सोडून माझ्याकडे आल्या — काय गं, तुझा निहार बसला का उठला? सगळ्या हसल्या. माझ्या ताटातल्या करंजीकडे बघत उभी राहिले मी. कुणाचे शब्द ते? तुमचे. गॅरेजमध्ये लाइट लावून, टीमची टोपी घालून बोलता ना, ते असे घरोघर फिरतात. कधी खाल्लाय धक्का आयुष्यात? मंडळाच्या पिकनिकला लगोरी खेळताना पाय मुरगळला तुमचा, तर आठवडाभर वर्क फ्रॉम होम केलंत. मला सगळं माहितीये. आणि आमच्या घरी तुमचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावतात हे. निहारचे बाबा हो, आणखी कोण? एरवी गणपतीच्या आरतीलाही एवढं लक्ष नसतं ह्यांचं.

मला कळत नाही असं समजू नका. पहिल्यांदा ह्यांनी सांगितलं, पोरगा रनिंग बॅक झाला, तेव्हा नव्हतं कळलं. मला वाटलं, रनिंग बॅक म्हणजे धावत जायचं आणि परत यायचं. म्हटलं, बरं झालं बाई, परत येणारा आहे! पेढे वाटले मी. मग मॅच बघितली. आपला पायाचा फुटबॉल नव्हेच, हा अमेरिकन फुटबॉल. बॉल छातीशी धरायचा आणि कपाटाएवढाल्या पोरांच्या अंगावर जायचं, ती पाडेपर्यंत पळायचं, पडलं की उठून पुन्हा तेच. परत यायचं कुठे आहे त्यात? कुठेच नाही.

हसू नका. पोहे खा.

वसंतातल्या त्या मॅचला तुम्ही होतात ना स्टेडियमवर? होतात, तुमचा व्हिडिओ आहे. 'निहार पडला, उठायला वेळ लागला' — वेळ लागला! मी खाली गेले होते धावत, जिना उतरून. स्ट्रेचरवर होता, डोक्याला मार लागलेला. वीस वर्षांचा, सहा फुटी, पाचवीपासून माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलला नाही — मी म्हणणार जेवलास का, तो म्हणणार आय ॲम गुड — आणि त्या दिवशी माझा हात धरून विचारतो, आई, माझा डबा कुठंय, बस येईल ना. पुण्यातली बस. बालवाडीची. आणि तो तिथला माणूस, मेडिकलवाला, दुसऱ्याला सांगतो, गिबरिश बोलतोय, म्हणजे अर्थ नसलेलं काहीबाही. गिबरिश! माझी भाषा ती. अख्ख्या मैदानात ती मला एकटीला कळत होती, आणि मला वाटत होतं, देवा, मलाही कळली नसती तर बरं झालं असतं. महिन्यात डॉक्टरांनी फिट म्हणून कागद दिला, आणि हा चालला पळायला. ह्यांना विचारलं तर म्हणतात, त्याचं स्वप्न आहे, आपण मध्ये यायचं नाही. तुमचा व्हिडिओ ऐकला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

का म्हणजे? ठेवली. चौथा म्हणालात म्हणून; चौथा बाकावरच राहतो. राग आला तो वेगळा. पोराला कुणी वाईट म्हटलं की राग यायचाच, आणि चौथा आहे म्हटल्यावर झोप लागायचीच — दोन्ही आईलाच होतं, तुम्हाला नाही समजायचं. जाऊ दे. मी काही बोलले नाही.

काय, नवीन व्हिडिओ? तेच सांगायला आलात? चुकलो म्हणताय — बरं, चुकलात, पुढे? शनिवारी बंद दाराआड सराव झाला, हं. मग? कोण पहिला? ... आमचा? ... पुन्हा सांगा. नाही, तसं नाही, आत्ता म्हणालात तसंच सांगा. 'त्याला कुणी पाडूच शकलं नाही.' हे तुमचे शब्द, की कोचचे? कोचच म्हणाले? कुणी पाडूच शकलं नाही.

थांबा. पाणी पिते.

मागच्या सोमवारी धरले मी सोळा सोमवार. सोळावा बरोबर शेवटच्या मॅचनंतर येतो, कॅलेंडरवर बघून धरले. पुढचे तिघं जायबंदी झाले की चौथ्यालाच पुढे ढकलतात, एवढं मलाही कळतं, म्हणून धरले. आता आई होऊन देवाला 'माझ्या पोराला बाकावर बसव' म्हणायचं कसं? जीभ रेटेना. उन्हात राबलेलं पोर ते. मग आडून म्हटलं, महादेवा, याला कुणी पाडू नये, एवढं बघ. शहाण्याला कळलं असतं, की बाई खेळूच देऊ नको म्हणते आहे! पण तो भोळा. जे ऐकलं ते देऊन मोकळा झाला. पहिल्या सोमवारी मागितलं आणि शनिवारी दिलं, आणि मी इथे साखर ठेवत बसले होते, वेडी —

काय बोलले मी आत्ता? संकल्प उद्यापनापर्यंत तोंडातून काढायचा नसतो हो. कुणापुढे नाही. आणि काढला तो तुमच्यापुढे! आणि हे लाल काय दिसतंय? चालू आहे तो? यतीन, बंद कर. आत्ताच्या आत्ता, आणि पुसून टाक माझ्यासमोर. निहारच्या कानावर गेलं ना यातलं एक अक्षर — त्याला कळता कामा नये, की त्याच्या आईनं... पुसलंस? दाखव. आणि हे बघ, नवीन व्हिडिओत त्याला चौथाच ठेव. कोच ऐकतात ना तुमचं कुणाचं? नाही? मग कशाला बोलता रे रोज रोज! ठेव ती प्लेट. बूट घाल बाहेर जाऊन. देव्हाऱ्याकडे बघू नकोस, तिथे तुझं काही काम नाही.

थांब, फोन. त्याचाच आहे. बोलू नकोस तू.

हं, बोल बाळा. ... पहिला? खरंच? अरे वा, किती छान रे! ... नाही रे, आवाजाला काही नाही. कांदा चिरते आहे. ...

हो. आहे लक्षात. श्रावण आहे.