सूप शेवटी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे प्रमुख माननीय सेवेरिनोसाहेब, कॅथेड्रलचे वंदनीय फादर लिसिनियो, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आदरणीय ओब्दुलियाबाई, आणि दुकानं लवकर बंद करून आलेले अस्तोर्गाचे तमाम मिठाईवाले, खाटीक, खानावळवाले आणि मित्रहो,

मी तोरिबियो. कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीतली खानावळ माझी. खरं तर फादर बोलणार होते, पण बाईंनीच माझं नाव सुचवलं म्हणे. हे कौतुक आहे की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

एकोणतीस वर्षं बाईंनी पाहुण्यांना या गावातून पायी हिंडवलं आणि खाऊ घातलं. कॅथेड्रलच्या दारातून निघायचं, एका दुकानात वाळवलेलं बीफ, दुसऱ्यात चॉकलेट, तिसऱ्यात लोण्याचे केक, आणि नगरपालिकेच्या घड्याळावरची बाहुल्यांची जोडी दोनचे टोल देत असताना माझ्या उंबऱ्यावर. जेवण माझ्याकडे. जेवणं झाली की बाई हाक मारायच्या, "फेलिसाबाई, बाहेर या हो!" माझी आई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. आई "पुरे, पुरे" म्हणायची आणि तिथेच उभी राहायची. हलायची नाही!

आता माझ्या चुकीकडे येतो. आपल्याकडे कोसीदो कसा खातात हे तुम्हाला सांगायला नको. आधी मांस, मग चणे आणि कोबी, सगळ्यात शेवटी शेवयांचं सूप. उरलेल्या स्पेनला हे उलटं वाटतं, वाटू दे. पण सात वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं, की या खानावळीत सूप वाढायला विसरतात आणि जेवण झाल्यावर त्यांना आठवतं. मी ते दहा वेळा वाचलं. पुढच्या शनिवारी बाईंच्या पाहुण्यांना मी सूप आधी वाढलं. आईने सांगितलं होतं, "तोरिबियो, हे करू नकोस." मी म्हटलं, "आई, जग बदललंय, तुला नाही कळायचं." केवढा शहाणा मी!

बाईंनी समोरच्या वाडग्याकडे पाहिलं. चमचा उचललाच नाही. पाहुण्यांचं जेवण होऊ दिलं आणि जाताना मला म्हणाल्या, "असं जेवण त्यांना त्यांच्या घरी मिळतं. माझ्यामागे पाय मोडत इथवर कशाला यायचं त्यांनी?" त्याच्या पुढच्या शनिवारी घोळका समोरच्या सेलेदोनियोच्या खानावळीत गेला. सेलेदोनियो, हसू नकोस, पहिल्या रांगेत बसला आहेस.

आठवड्याभरात मी क्रम पुन्हा होता तसा केला. बाईंना निरोप धाडला, उत्तर नाही. नाताळात चोरिझो सॉसेजची माळ पाठवली. ती खाल्ली, असं ऐकलं. घोळका काही आला नाही. तशी खानावळ चालत होती, गावचे लोक येत होते. पण शनिवारी दोनचे टोल पडले की आई हात पुसायची आणि दाराकडे बघायची. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. सात वर्षं मला त्या हात पुसण्याची लाज वाटत राहिली.

दोन आठवड्यांपूर्वी फोन वाजला. "शनिवारी चौदा पानं. चणे भिजत घाल." एवढंच बोलून बाईंनी ठेवून दिला. तो त्यांचा शेवटचा फेरा होता.

चौदा जण बसले. मी मांसाचं ताट घेऊन आलो, तेवढ्यात एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ म्हणाले, "मला आधी सूप मिळेल का? बाहेर फार गारठा होता." मागणी रास्त होती. माणूस ऐंशीचा, नाक लाल झालेलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या खिडकीबाहेर सेलेदोनियोच्या भिंतीशिवाय बघण्यासारखं काय आहे, सांगा बरं?

"आजोबा, सूप शेवटी," मी म्हटलं. "गारठ्याचं मी बघतो." त्यांची खुर्ची शेकोटीशी सरकवली आणि माझा लोकरीचा गळपट्टा त्यांच्या खांद्यावर टाकला.

आजोबांनी डुकराचा कान दोनदा मागून घेतला. सूप आलं तोवर ते कोट काढून बसले होते. बाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." माझा जीव भांड्यात पडला.

मग ती हाक आली. "फेलिसाबाई, बाहेर या हो!"

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. हात पुसत आली. टाळ्या झाल्या. "पुरे, पुरे" म्हणाली आणि हलली नाही. मी कोठीत जाऊन रडलो. त्यात लपवायचं काय?

जाताना दारात मी बाईंना विचारलं, "सात वर्षं का लावलीत?" तर म्हणाल्या, "आठवड्यात सुधारलास हे कळलं होतं रे. टिकतोस का, ते बघत होते."

असो. मंडळाने मला उभं केलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदाच पाहिलं, तिसऱ्या रांगेतल्या माझ्या आईने एकदाही मला गप्प बसवलं नाही, सर्वांचे आभार. मागच्या खोलीत पातेली तयार आहेत. मी खानावळवाला, वक्ता नव्हे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. जेवणात झालं तर मात्र करू नका. बाईंनी मला सात वर्षं माफ केलं नाही, त्याचेच आभार मानायला मी आज इथे उभा आहे.