मधली जागा

टायटसव्हिल गावात चर्चबाहेर मतदानाची रांग लागली होती. लोरेटाच्या पुढे दोन म्हातारे होते.

"रेडिओवर बोलणारा तो माणूस खरं बोलतो, वेंडेल. सरकारनं आपल्या घरात डोकावू नये. वर आकाशात खुशाल पहारा द्यावा."

"माझा पोरगा त्याच पहाऱ्यावर, अंतराळ दलात आहे, बॉइड. वरच्या उपग्रहातून मलाच बघतो. परवा म्हणाला, बाबा, आईच्या थडग्यापाशी तुमच्याजवळ ती बाई कोण उभी होती?"

"अरे वा! या वयात मजा आहे बुवा तुझी!"

"मी एकटाच होतो रे."

तेवढ्यात वेंडेलचा फोन वाजला.

"हो बाळा, मतदानालाच आलोय... तीच बाई? कुठं? माझ्या मागे?"

वेंडेल हळूच वळला. मागे फक्त लोरेटा होती.

"बाई, जरा मागे सरकता का? आमची ही मधे चेंगरतेय."

लोरेटा दोन पावलं मागे सरकली.